फेफऱ्याचे मूळ कोठे असते?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला पत्र पाठविले तेव्हा त्यात 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय सुचविला होता. या विषयावर या व्यासपीठावरून दरवर्षी माझ्याहून अधिकारी माणसे बोलत आली आहेत. मी परभणीत दवाखाना चालविणारा साधा डॉक्टर आहे, मेंदूचा तज्ज्ञही नव्हे. तेव्हा मी त्यांची परवानगी घेऊन विषय बदलला. शाळेच्या हजेरीपटावरून जी नावे गुपचूप कमी होतात, त्यांपैकी एका नावाबद्दल मला आज बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी जिंतूर तालुक्यातील एका गावाहून एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी पंधरा वर्षांची, अंगाने धडधाकट, पण मान वर करून बोलेना. आठवीत असताना तिची शाळा सुटली होती. कारण काय, तर वर्गात ती मध्येच एकटक बघत राही, तोंडाने काहीतरी चघळल्यासारखे करी, ओढणीचे टोक उजव्या हाताने चोळत बसे. बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर नाही. बाईंना तो उद्धटपणा वाटला, मैत्रिणींना थट्टा वाटली. एके दिवशी प्रार्थनेच्या रांगेत ती कोसळली, हातपाय झाडू लागली, तोंडाला फेस आला. कोणी कांदा हुंगविला, कोणी चप्पल नाकाशी धरली. दुसऱ्या दिवसापासून दप्तर खुंटीवर गेले ते गेलेच. घरच्यांनी तावीज बांधले, उतारे केले. मधल्या काळात कोणा डॉक्टरांनी गोळ्याही लिहून दिल्या होत्या. त्या चार महिने चालल्या, झटके थोडे कमी होताच बंद झाल्या, आणि मग झटके पूर्वीपेक्षा जोराने येऊ लागले.

मी त्या माउलीला म्हणालो, "आपा, ती पडते ते मला ठाऊक आहे. पडण्याच्या आधी काय होते ते सांगा." तिने थोडा विचार केला आणि आपल्या दखनीत सांगितले, "पैले बोलती, अम्मी, पेट में से कुछ उप्पर आरा. फिर मुंह चलाती. फिर बायां हात टेढा हो जाता." आधी पोटातून काहीतरी वर चढते, मग तोंड हलू लागते, मग डावा हात वाकडा होतो. एवढे तीन शब्दांचे वर्णन. पण त्या बाईने आपल्या लेकीच्या मेंदूत आग कोठे लागते त्याचा पत्ता मला सांगून टाकला होता.

हा पत्ता कसा, ते सांगावयाचे तर थोडे मेंदूविषयी बोलावे लागेल. आपण ज्याला फेफरे, मिरगी, आकडी किंवा फिट म्हणतो, त्याला वैद्यकात अपस्मार म्हणतात. भारतात या आजाराची एक कोटीहून अधिक माणसे आहेत. हजार मुलांच्या शाळेत अशी पाच-सात मुले असू शकतात, मग मुख्याध्यापकांना माहीत असो वा नसो. मेंदूत सुमारे ८६ अब्ज पेशी आहेत आणि त्या एकमेकींशी अगदी सूक्ष्म विजेच्या साहाय्याने बोलतात. कधी या पेशींचा एखादा समूह एकाच वेळी, एकाच तालात, बेफाम वीज सोडू लागतो. तेच फेफरे. काहींत हा प्रकार सगळ्या मेंदूत एकदम सुरू होतो. पुष्कळांत मात्र तो एका ठिकाणी सुरू होऊन मग पसरतो.

मानवतचे, सेलूचे लोक येथे बसले आहेत, त्यांना हे लगेच कळेल. कापसाच्या जिनिंगमध्ये आग लागली की बंब येईपर्यंत सगळीकडे धूरच धूर असतो. आग कोठून सुरू झाली हे बंबवाल्याला दिसत नाही. ते सांगू शकतो तो रात्रीचा पहारेकरी, ज्याने पहिल्या गंजीतून निघालेला पहिला धूर पाहिला. मुलगी जमिनीवर पडून हातपाय झाडते तो सगळीकडचा धूर. तिची आई ही पहारेकरीण.

ही गोष्ट प्रथम नीट ओळखली लंडनच्या डॉ. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी, गेल्याच्या मागच्या शतकात. त्यांच्या पत्नीलाही असे झटके येत. त्यांनी पाहिले की काही रुग्णांत झटका अंगठ्यापासून सुरू होतो, मग मनगट, कोपर, चेहरा असा ठराविक वाटेने चालत जातो. यावरून त्यांनी ताडले की मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या या भागांच्या जागा शेजारी शेजारी असल्या पाहिजेत. २५ मे १८८६ रोजी लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात व्हिक्टर हॉर्स्ली या शल्यविशारदाने एका २२ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतील जुना व्रण अशा लक्षणांच्या आधारे शोधून काढून टाकला. हा तरुण लहानपणी गाडीखाली सापडून डोक्याला मार लागलेला होता. त्या वेळी क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता, हे लक्षात घ्या.

आणि हा आजार मेंदूचा आहे ही कल्पना काही विलायतेतून आलेली नाही. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथात ती चोवीसशे वर्षांपूर्वी मांडली आहे. इब्न सिना यांनी 'अल-कानून' या आपल्या ग्रंथात 'सर' म्हणजे मिरगी डोक्याच्या व मेंदूच्या आजारांतच घातली आहे. आपल्याकडे तुराबुल हक साहेबांच्या उरुसाला लोक अशा रुग्णांना घेऊन येतात, मुलाच्या उशाशी बसून दुआ मागतात. दुआ मागण्यास कोणा डॉक्टरची ना नाही, माझी तर नाहीच. फक्त खिशात गोळी असू द्या आणि तिची वेळ चुकवू नका, एवढेच म्हणणे.

आता यंत्रांकडे येऊ. पहिले यंत्र ई. ई. जी. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील वीज कवटीवरूनच नोंदविली आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केले. डोक्याला तारा चिकटवून अर्धा-पाऊण तास कागदावर वा पडद्यावर रेघा उमटतात, ते आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. ते चित्र नव्हे, ती मेंदूच्या विजेची आवाजी आहे. कोणत्या बाजूने गोंगाट येतो एवढे त्यावरून कळते. त्यानंतर ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनजवळच्या अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. क्ष-किरणांचा झोत डोक्याभोवती फिरवून, भाकरीचे तुकडे पाडावेत तशा मेंदूच्या चकत्या कवटी न उघडता दिसू लागल्या. हाउन्सफील्ड यांना १९७९ साली अॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

हे यंत्र भारतात आले तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली आणि तिचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात आहे. झटके येणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या चित्रांत मेंदूमध्ये एक बारीकसा ठिपका किंवा अंगठीसारखे कडे दिसू लागले. पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. मखळे, डॉ. केळकर व डॉ. ग्रँट यांनी १९८७ साली इंग्लंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकात भारतातील अशा रुग्णांवर आणि या कड्यांवरच निबंध लिहिला. फिटचे ठिकाण सापडले होते. पण तेथे बसले आहे ते काय? आपल्या देशात क्षयाचे प्रमाण मोठे, म्हणून पुष्कळ डॉक्टर ती क्षयाची गाठ समजत आणि रुग्णांना महिनोन् महिने क्षयाची औषधे देत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि १९९० च्या सुमारास जगापुढे मांडले की त्यांतील बहुतेक गाठी क्षयाच्या नसून पट्टकृमी नावाच्या जंताच्या मरू घातलेल्या अळीच्या आहेत. पुढे हेही स्पष्ट झाले की असा एकटा लहान ठिपका बहुधा काही महिन्यांत आपोआप विरून जातो. तोवर फिटच्या गोळ्या नीट घेतल्या म्हणजे झाले. किती माणसांची वायफळ औषधे वाचली असतील, विचार करा.

येथे आपल्या घराघरांत एक प्रश्न विचारला जातो, म्हणून थोडा थांबतो. हा जंत डुकराच्या मांसातून येतो हे कोणीतरी वाचलेले असते. मग बाप माझ्यासमोर अहवाल आपटतो : "डॉक्टरसाहेब, आमच्या सात पिढ्यांत कोणी ते तोंडाला लावले नाही, आणि तुम्ही हे काय लिहिले?" मुलगाही शरमेने मान खाली घालतो. तर पालकहो, नीट ऐका. आतड्यात मोठा जंत होतो तो कच्चे-अर्धवट शिजलेले ते मांस खाल्ल्याने. पण मेंदूतील अळी येते ती जंताच्या अंड्यांमुळे, आणि ही अंडी ज्याच्या पोटात जंत आहे अशा माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरचा शौच, नाल्याच्या पाण्यावर वाढविलेली कोथिंबीर-मुळा, स्वयंपाक करणाऱ्याचे न धुतलेले हात, या वाटेने ती कोणाच्याही ताटात येऊ शकतात. माळकरी शाकाहारी कुटुंबांत हा आजार होतो. १९९२ साली न्यूयॉर्कमधील कडव्या धार्मिक ज्यू कुटुंबांत तो सापडला, आणि त्यांच्याकडेही ते मांस निषिद्धच आहे. तेव्हा त्या अहवालात कोणाच्या इमानावर शेरा नसतो. भाजी धुवा, हात धुवा, संडास वापरा.

सी. टी. स्कॅनच्या पुढची पायरी एम. आर. आय. यात क्ष-किरण नाहीत, प्रचंड शक्तीचे लोहचुंबक आहे. मेंदूतील मऊ भागांतला बारीक फरक त्यात दिसतो. कानाच्या आतल्या बाजूला, कपाळाच्या कडेखाली, मेंदूचा जो भाग आहे त्याच्या पोटात हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा अवयव असतो. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्रघोडा, कारण आकार तसाच. आठवणी साठविण्याच्या कामी तो लागतो. लहानपणी तापात खूप वेळ आकडी राहिलेल्या काही मुलांत हा समुद्रघोडा पुढे सुकतो, आक्रसतो, आणि तेथूनच फेफऱ्याची ठिणगी उडू लागते. पोटातून वर चढणारी लाट, तोंड चघळणे, कपडा चोळणे, ही त्याचीच भाषा. ज्या बाजूला बिघाड असतो त्याच्या विरुद्ध बाजूचा हात वाकडा होतो. त्या आपांनी डावा हात सांगितला, म्हणून माझा संशय उजव्या बाजूवर गेला.

जवळच्या शहरात केलेल्या तिच्या एम. आर. आय.चा अहवाल 'नॉर्मल' आला. घरच्यांना वाटले, आजार नाहीच. म्हणजे मग ते दुसरेच काहीतरी. ही चूक फार जण करतात. साधा एम. आर. आय. जाड चकत्यांचा असतो आणि समुद्रघोडा दोन चकत्यांच्या मध्ये सहज लपतो. अपस्मारासाठी वेगळ्या कोनातून, पातळ चकत्यांचा एम. आर. आय. करावा लागतो, आणि मुळात डॉक्टरने फिटचे वर्णन चिठ्ठीवर लिहून कोठे बघायचे ते सांगावे लागते. पहिल्या चिठ्ठीवर फक्त 'झटके' एवढेच लिहिलेले होते. (ती चिठ्ठी माझीच होती. तेव्हापासून मी कागद भरून लिहितो.) उलटही होते बरे : चित्रात काहीतरी दिसते, पण फिटचा उगम भलतीकडे असतो. म्हणून एकट्या चित्रावर कोणी चाकू चालवीत नाही.

ते देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेले. तेथे एका मोठ्या सरकारी रुग्णालयात तिला काही दिवस एका खोलीत ठेवले. डोक्यावर तारा आणि समोर कॅमेरा, रात्रंदिवस. गोळ्या मुद्दाम हळूहळू कमी केल्या, फिट यावी म्हणून. आई मला फोनवर म्हणाली, "डॉक्टर लोग झटका आने की राह देखरे!" तिला ते चमत्कारिक वाटले आणि साहजिकच आहे. पण पहारेकऱ्याने जे डोळ्यांनी पाहिले होते ते आता मेंदूच्या आलेखाबरोबर त्याच क्षणी नोंदवावयाचे होते. दोन्हींत उजवी बाजू आली. पातळ चकत्यांच्या चित्रात उजवा समुद्रघोडा आक्रसलेला दिसला.

एवढ्याने जमले नाही तर आणखी साधने आहेत. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखे एक सौम्य किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. ज्या ठिकाणी बिघाड आहे ते ठिकाण दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळात साखर कमी खाते, म्हणून चित्रात तेथे अंधार दिसतो. स्पेक्ट नावाची तपासणी मला सर्वांत नवलाची वाटते. परिचारिका भरलेली सिरिंज घेऊन रुग्णाच्या उशाशी तासन् तास बसून राहते. फिट सुरू झाली की काही सेकंदांत औषध शिरेत सोडते. फिटच्या वेळी उगमस्थानाकडे रक्त जोराने धावते, त्या रक्ताबरोबर ते द्रव्य तेथे जाऊन चिकटते आणि तेथेच राहते. मग फिट थांबल्यावर सावकाश चित्र घ्या, दिसतो तो मघाचाच क्षण. अतिशय अवघड रुग्णांत कवटीला बारीक छिद्रे पाडून मेंदूत तारा सोडतात. बोलण्याची, हात हलविण्याची जागा कोठे आहे तेही चित्राने आधी पाहून घेतात, कारण आजार जावा आणि वाचा राहावी ही दोन्ही कामे सर्जनला करावयाची असतात.

आता कोणी घाबरू नये. शंभर रुग्णांपैकी सुमारे सत्तर जणांचे झटके साध्या गोळ्या नेमाने घेतल्याने थांबू शकतात. त्यांना या कशाचीच गरज नाही. दोन योग्य औषधे योग्य प्रमाणात, न चुकविता घेऊनही ज्यांचे झटके थांबत नाहीत, त्यांनी मात्र वीस वर्षे गोळ्या बदलीत बसू नये; त्यांचे मूळ शोधावयास हवे. आपल्या देशात ही शस्त्रक्रिया नवी नाही. वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी ती १९५२ साली केली. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून तिचे मोठे केंद्र आहे. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात ती होते. दिल्लीच्या एम्सने २०१७ साली ११६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला : औषधांना दाद न देणाऱ्या या मुलांपैकी ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांत वर्षभरानंतर शंभरात ७७ जण झटक्यांतून मुक्त होते, आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांत शंभरात ७. तुमच्यापासून लपवावयाचे नाही : त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांना गंभीर त्रासही झाले, त्यांत एका अंगाची दुर्बलता प्रमुख. म्हणून निर्णय तज्ज्ञांशी बसून, सगळे विचारून घ्यावा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. जमीन विकण्याची बोलणी नंतर.

मुलींच्या पालकांशी दोन शब्द. लग्न जमेना म्हणून आजार लपविला जातो. मग सासरी मुलगी गोळी पदराखाली लपवून घेते, एखादे दिवशी घेऊच शकत नाही, आणि चुलीपाशी फिट येते. भाजलेल्या अशा मुली मी पाहिल्या आहेत. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्माराचा लग्नाच्या आड येणारा उल्लेख होता, तो १९९९ साली संसदेने काढून टाकला. मुस्लिम स्त्रीच्या घटस्फोटाच्या १९३९ च्या कायद्यातील कारणांत तो कधी नव्हताच. तेव्हा कायद्याची भीती दाखविणाऱ्यांचे ऐकू नका. सांगून लग्न करा, आणि मूल होण्याचा विचार करण्यापूर्वी गोळ्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण त्यांतली काही औषधे गर्भाला बाधतात. रमजानचेही तसेच. झोप मोडणे आणि गोळीची वेळ पुढे ढकलणे, दोन्हींनी फिट येऊ शकते. महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे हे तुम्हांला मी सांगावयास नको.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी. वर्गात कोणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, आसपासची बाके सरकवा, गळ्याजवळची गुंडी सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल तर नकोच. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. आणि तुमच्यापैकी कोणाजवळ मोबाइल असेल तर एकाने पहिल्या क्षणापासून चित्रण करा, हसण्यासाठी नव्हे, डॉक्टरला दाखविण्यासाठी. चेहरा कोणत्या बाजूला वळला, कोणता हात आधी हलला, हे त्यात दिसते. ते चित्रण घरच्यांच्या हाती द्या आणि आपल्याजवळचे पुसून टाका.

त्या मुलीची शस्त्रक्रिया झाली. गोळ्या अजून चालू आहेत, त्या एकदम बंद होत नसतात. पहिल्या काही महिन्यांत तिला नावे आठवावयास थोडा वेळ लागे, असे ती स्वतःच सांगे. एके दिवशी ती वडिलांबरोबर दवाखान्यात आली. मला वाटले प्रकृती दाखवावयास आली असेल. तिने पिशवीतून कागद काढला. दहावीला बाहेरून बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म होता. वडील म्हणाले, "शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण 'आजारपण' लिहिले आहे, त्याने काही अडेल का?" मी म्हणालो, अडणार नाही. मुलगी मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, परीक्षा सकाळी असते. माझी गोळी आठला असते. नऊला घेतली तर चालेल का?" आम्ही तिघांनी बसून परीक्षेच्या दिवसांचे गोळ्यांचे वेळापत्रक तयार केले.